चेलोची आवडती रेकॉर्डिंगं – सुरुवात बाखपासून

मंद्रसप्तक

सारंगीच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की चेलो ऐकायला सुरुवात कुठून करावी. तिथे लगेच याद्या पडायला लागल्या. यादी मिळाली की आपण वरची दोन नावं लावतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि विसरतो. म्हणून वेगळा धागा काढतोय. माझं म्हणणं एवढंच की दहा रचना एकेकदा ऐकण्यापेक्षा एकच रचना चार-पाच जणांकडून ऐका. चेलोची गोडी तिथे लागते.

रचना म्हणाल तर बाखच्या सहा सुईट्स, म्हणजे सुरुवातीचा प्रेल्यूड आणि मग नाचांवर बेतलेले तुकडे यांचे संच. १७२० च्या आसपासच्या, बाख क्योथेनच्या दरबारी नोकरीत होता तेव्हाच्या. साथीला कुणी नाही, एकटा चेलो. बाखच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. आपल्याला मिळाली ती त्याच्या दुसऱ्या बायकोनं, आना माग्दालेनानं केलेली नक्कल. तिच्यात कुठले स्वर एका गजात घ्यायचे याच्या खुणा इतक्या मोघम आहेत की प्रत्येक वादकाला ते स्वतःच ठरवावं लागतं. त्यामुळे दोन रेकॉर्डिंगं कधीच सारखी निघत नाहीत.

सगळे पहिल्या सुईटचा प्रेल्यूड सुचवतात. तो जाहिरातींत आणि लग्नाच्या व्हिडिओंत इतका वाजलाय की त्यावर आता कान टिकत नाही. मी पाचव्या सुईटमधली साराबांद, म्हणजे संथ नाचाचा तुकडा, सुचवेन. तीन-चार मिनिटांचा मामला. बाकीच्या साराबांदांमध्ये बाख दोन-तीन तारा एकदम छेडायला लावतो, इथे मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका वेळी एकच स्वर. ताल धरायलाही फारसं काही नाही. वादकाला लपायला जागाच ठेवलेली नाही.

आता हीच साराबांद या क्रमानं ऐका:

आधी पिएर फुर्निए, १९६०-६१ चं रेकॉर्डिंग. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे पियानोचं पेडल दाबणं जमेना, म्हणून हा माणूस चेलोकडे वळला. गजाची हालचाल इतकी गुळगुळीत की गज कधी उलटला ते कळत नाही. रचना मनात बसायला याच्याइतका सोयीचा कुणी नाही.

मग आनर बिल्स्मा, १९७९. तातीच्या (आतड्याच्या) तारा, जुन्या घडणीचा गज. फुर्निए ओळ सलग ओढत नेतो, बिल्स्मा तीच ओळ बोलतो. मध्ये थांबतो, शब्द गिळतो. पहिल्यांदा ऐकताना थोडं तुटक वाटेल, पण दोन दिवसांनी परत लावा.

आणि शेवटी पाब्लो कसाल्स. तेरा वर्षांचा असताना बार्सिलोनातल्या जुन्या स्वरलिप्यांच्या दुकानात त्याला या सुईट्सची छापील प्रत मिळाली. तोवर त्या बहुतेकांना रियाजाच्याच वाटत. त्यानं बारा वर्षं घरी वाजवल्या आणि मग मैफिलीत आणल्या. रेकॉर्डिंगला तयार झाला तोवर साठीला आला होता. दुसरी आणि तिसरी लंडनला १९३६ मध्ये, पहिली आणि सहावी पॅरिसला १९३८ मध्ये, चौथी आणि पाचवी १९३९ च्या जूनमध्ये. पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधीच त्याच्या देशात, स्पेनमध्ये, यादवी युद्ध पेटलं होतं आणि शेवटच्या रेकॉर्डिंगपर्यंत ते संपलं. पाचवीच्या वेळी हुकूमशहा फ्रँको जिंकून दोन-अडीच महिने झाले होते आणि कसाल्स परागंदा होता. हे माहीत नसलं तरी त्या साराबांदमध्ये काहीतरी जड आहे हे कळतं.

तुमची आवडती रेकॉर्डिंगं लिहा. फक्त नाव नको, त्यात नेमकं काय ऐकायचं तेही सांगा.

भरली_वांगी

मस्त धागा. वाचनखूण साठवली. सवडीनं ऐकून लिहिते.

ठोकळा

कसाल्सबद्दलचा भक्तिभाव मला कधीच कळला नाही. नव्वद वर्षं जुनं रेकॉर्डिंग, भजी तळल्यासारखी मागे चरचर, काही ठिकाणी सूरही डळमळीत. आज विशीतली पोरं याच्यापेक्षा स्वच्छ वाजवतात. जुनं ते सोनं म्हणायची आपल्याला सवयच लागली आहे. (पळतो आता.)

मंद्रसप्तक

ठोकळा, पळू नका, थांबा. स्वच्छतेचं म्हणणं मान्य. म्हणूनच त्याला शेवटी ठेवलंय. पण एक प्रयोग करा. तिसऱ्या सुईटचा शेवटचा जीग आधी कुणाही नव्या वादकाचा ऐका आणि लगेच कसाल्सचा लावा. तो नाच आहे हे कसाल्सच्या वाजवण्यात कळतं. गज तारेवर जरा खरवडतो, पण पाय हलायला लागतो. तेव्हा ७८ च्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटं मावत. एवढ्यात एकसलग वाजवायचं, चुकलं तर बाजू पुन्हा पहिल्यापासून. आजच्यासारखी कापाकापी करून जोडायची सोय नव्हती. ती जोखीम ऐकू येते आणि मला ती आवडते.

पार्लेकर_पंत

बाख झाला, आता आमच्याकडे या. एल्गरचा चेलो कन्चेर्तो (एकल चेलो आणि वाद्यवृंद यांची रचना), चेलोवर जॅकलिन दु प्रे, लंडन सिंफनी वाद्यवृंद, संचालक बार्बिरोली. ऑगस्ट १९६५. पोरगी तेव्हा वीस वर्षांची होती.

पहिल्याच क्षणी वाद्यवृंदाची वाट न बघता चेलो चार जड स्वरावली टाकतो. दु प्रे त्या अशा टाकते की आपण हातातलं काम सोडून बघायला लागतो. मग वाद्यवृंद बाजूला राहतो आणि फक्त व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडी मोठी वाद्यं) मुख्य धून घेऊन येतात, कुणाचीही साथ नसताना. ती धून चेलोकडे येते, हळूहळू वर चढत जाते, चेलो एका लांब सरगमीनं अगदी वरच्या टोकाला पोचतो आणि सगळा वाद्यवृंद कोसळतो. तिथे माझ्या अंगावर आजही काटा येतो.

आणि बार्बिरोलीची गंमत बघा. ही रचना पहिल्यांदा वाजली १९१९ च्या ऑक्टोबरमध्ये. कार्यक्रमातल्या बाकीच्या रचनांच्या संचालकानं तालमीचा वेळ खाल्ला, त्यामुळे एल्गरच्या रचनेचा पार विचका झाला. त्या दिवशी मागे चेलोवाल्यांत एक विशीचा पोरगा बसला होता. तोच बार्बिरोली. सेहेचाळीस वर्षांनी तीच रचना त्यानं दु प्रेकडून करून घेतली.

दु प्रेचा हात मल्टिपल स्क्लेरोसिसनं विशीतच थांबला. १९८७ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी गेली. तो विषय मी मुद्दाम शेवटी लिहिला, कारण लोक तो आधी काढतात आणि मग संगीताकडे नीट लक्षच जात नाही.

चहा_बिस्कीट

पंत, बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत)! तो वर चढण्याचा भाग मी एकदा लोकलमध्ये ऐकत होतो, डोळे भरून आले. शेजारचे काका म्हणाले, ‘बरं वाटत नाहीये का?’

ठोकळा

परत मीच. दु प्रे आवडते, पण त्या एका रेकॉर्डिंगनं एल्गरचं नुकसान केलंय असं माझं ठाम मत आहे. आता प्रत्येकाला तो कन्चेर्तो रडत रडतच वाजवावासा वाटतो. खुद्द एल्गरनं संचालन केलेलं रेकॉर्डिंग आहे, १९२८ चं, बिअट्रिस हॅरिसनसोबत. तिथे लय पुढे सरकते, कुणी गळा काढत नाही, आणि तरी दुःख पोचतं. (हीच ती बाई जिनं १९२४ साली रात्री बागेत बसून नाइटिंगेल पक्ष्यांसोबत चेलो वाजवला आणि बीबीसीनं तो थेट प्रसारित केला. पक्षी खरे होते की नकलाकार, यावर अजून वाद चालतो.)

मंद्रसप्तक म्हणतील, आता चरचर चालते का? चालते. एल्गर स्वतः समोर उभा असेल तर चालते.

पार्लेकर_पंत

ठोकळ्या, तुझं अर्ध मान्य. हॅरिसन ऐकावीच. पण वीस वर्षांच्या मुलीनं जीव ओतून वाजवलं आणि पुढच्यांनी तिची नक्कल केली, यात तिचा काय दोष? नव्यांत अलिसा वायलरस्टाइन ऐक, २०१२ चं. साथीला संचालक बारेनबॉइम, म्हणजे दु प्रेचाच नवरा. ती नक्कल करत नाही.

टोरांटोकर

ड्वोर्झाकचं नाव अजून कुणी काढलं नाही? बी मायनर कन्चेर्तो, ओपस १०४. न्यूयॉर्कला असताना १८९४-९५ मध्ये लिहिला. दुसऱ्या भागात त्यानं स्वतःचंच एक गाणं गुंफलंय, मेहुणी योसेफिनाच्या आवडीचं. तरुणपणी त्याचा तिच्यावर जीव जडला होता. लग्न मात्र धाकट्या बहिणीशी झालं. तो मायदेशी परतला आणि थोड्याच दिवसांत योसेफिना वारली. मग त्यानं शेवट बदलला. जोरात संपायला निघालेली रचना मध्येच थबकते, ते गाणं पुन्हा एकदा हलकेच येऊन जातं आणि मगच पडदा पडतो. ती दोन-तीन मिनिटं कोण कसं वाजवतो यावर मी वादकाची पारख करतो.

रशियन चेलोवादक रोस्त्रोपोविचची दोन रेकॉर्डिंगं सोबत ऐका. २१ ऑगस्ट १९६८ ला सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले. त्याच संध्याकाळी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये रोस्त्रोपोविच सोव्हिएत वाद्यवृंदासोबत वाजवणार होता, आणि रचना होती याच चेक माणसाची. कुणी ठरवूनही इतकं जुळवू शकलं नसतं. सभागृहात निषेधाच्या घोषणा झाल्या. तो वाजवताना रडत होता असं प्रत्यक्ष बघणारे सांगतात. त्या मैफिलीचं ध्वनिमुद्रण निघालंय. लय पळते, काही स्वर फाटतात, पण ऐकताना बाजूला ठेवता येत नाही.

मग त्याच सप्टेंबरमध्ये बर्लिनला संचालक कारायानसोबत त्यानं हीच रचना रेकॉर्ड केली. तिथे सगळं भव्य, शांत, चकचकीत. बहुतेक याद्यांत हेच पहिलं असतं. मला लंडनचं जास्त जवळचं वाटतं, पण रोज ऐकायला बर्लिनचंच लावतो, खोटं का बोलू.

तिसरं हवं असेल तर फुर्निए, जॉर्ज सेल, बर्लिन फिलहार्मोनिक. याच सेलनं १९३७ मध्ये प्रागला कसाल्ससोबत हीच रचना वाजवली होती. म्हणजे एकच संचालक आणि दोन चेलोवादक, मध्ये चोवीस-पंचवीस वर्षं. मंद्रसप्तकांच्या ‘एकच रचना अनेक हात’ला चांगला मसाला.

अनाहत

माझी एक अडचण आहे. जन्मभर ख्याल ऐकलाय. वाद्यवृंद सुरू झाला की माझा सा हरवतो. पाच मिनिटांनी जमीन कुठे आहे तेच कळत नाही. माझ्यासारख्यानं काय ऐकावं?

मंद्रसप्तक

अनाहत, तुम्ही एकट्या चेलोपासून हलूच नका. बाखच्या तिसऱ्या सुईटचा प्रेल्यूड लावा. सुरुवातीला सरळ वरच्या सा पासून खालच्या सा पर्यंत उतरतो, अगदी चेलोच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेपर्यंत. म्हणजे जमीन पहिल्याच ओळीत दाखवून दिली. मग साधारण मध्यावर एक जागा येते, तिथे खाली पंचम धरून ठेवलाय आणि वरच्या तारांवर स्वर बदलत राहतात. बराच वेळ. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला ती जागा लगेच ओळखीची वाटते.

त्यानंतर कोडायचा एकल चेलो सोनाटा, ओपस ८, १९१५. खालच्या दोन तारा अर्ध्या स्वरानं उतरवून वाजवायचा. त्यामुळे वाद्याचा आवाजच बदलतो, जास्त रानटी आणि घुमणारा होतो. यानोश श्टार्करचं रेकॉर्डिंग ऐका. हा बुडापेस्टचा ज्यू, युद्धात नाझींच्या श्रमछावणीतून वाचला, आणि १९४८ मध्ये पॅरिसला या सोनाट्याचं रेकॉर्डिंग करून त्यानं नाव काढलं. पुढे परत वाजवलाय, कुठलंही चालेल. मधल्या भागात गज चालू असताना डाव्या हातानं तार खेचलीये. दोन माणसं वाजवतायत असं वाटेल. नाही, एकच आहे.

खर्ज_उपासक

अनाहत, तुम्हाला उलट्या दिशेनंही येता येईल. नॅन्सी लेश या मूळच्या अमेरिकन, रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागरांकडे शिकल्या आणि चेलोवर ध्रुपद वाजवतात. चेलोवरचा आलाप रुद्रवीणेच्या जवळ जातो, कारण खालचा खर्ज तसाच भरीव आणि मींड हवी तेवढी लांब. सास्किया राव-द हास यांनी तर वाद्यच बदललं. पाच तारा, खाली तरफा, आणि मांडी घालून बसून वाजवता येईल असं लहान केलेलं. आधी या दोघी, मग बाख. कान आपोआप तयार होतो.

मडगांवकार

आमच्या गोंयकारांना विसरू नका राव! हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन-चेलोच्या रांगा भरल्या त्या चर्चच्या शाळांत सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) शिकलेल्या आमच्या लोकांनी. नावं पडद्यावर क्वचितच आली. आणि आर. डी. बर्मनचे सहायक बासू चक्रवर्ती, बासू-मनोहारी जोडीतले, ते मुळात चेलोवादक. म्हणजे चेलो तुम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलाय, फक्त गायकाच्या मागे.

अवांतर: दु प्रेचं नाव निघालंच आहे तर शुबर्टच्या ‘ट्राउट’ पंचकाची १९६९ ची फिल्म बघा. दु प्रे, बारेनबॉइम, पर्लमन, झुकरमन आणि डबल बेसवर आपला मुंबईचा झुबिन मेहता. मंचामागे हे सगळे एकमेकांची वाद्यं घेऊन टवाळक्या करतात. नंतर मंचावर येऊन असं वाजवतात की काय सांगू.

भरली_वांगी

फुर्निए ऐकला. बिल्स्मा ऐकला. बिल्स्माबद्दल अजून मत बनलं नाही, खोकला आल्यासारखा मध्येच थांबतो. पण एक विचारायचं होतं. मी गाण्याच्या ॲपवर चेलो सुईट शोधलं तर ‘झोपेसाठी शांत चेलो’ अशा याद्या आल्या, त्यात प्रत्येक सुईटचा एकेकच तुकडा, आणि फुकटच्या खात्यात क्रम उलटासुलटा. साराबांद संपली की लगेच भलतंच काहीतरी!

टोरांटोकर

ताई, वादकाचं नाव आणि बाखचा क्रमांक एकत्र टाका. सहा सुईट्स म्हणजे बीडब्ल्यूव्ही (बाखच्या रचनांची सूची) १००७ ते १०१२, तेव्हा पाचवी १०११. मग पूर्ण अल्बम उघडा, यादी नको. अभिजात संगीतासाठी वेगळी ॲप्स आहेत, त्यात रचनेवरून शोधलं की सगळे वादक एकाखाली एक दिसतात. या धाग्यासाठी तर ते फारच कामाचं.

आणि फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. चेलोची खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास बोलते. फोनचा एवढासा स्पीकर तो मूळ स्वर देऊच शकत नाही, त्याच्या वरचे उपस्वर तेवढे ऐकू येतात. साधे तारेचे इयरफोनसुद्धा चालतील.

ठोकळा

आता दहा हजारांच्या हेडफोनची चर्चा सुरू होणार. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

पार्लेकर_पंत

होऊ देणार नाही. विषय बदलतो. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस होतं तेव्हा तिथल्या काउंटरवरच्या एका गृहस्थांनी माझ्या हातातली चेलोच्या ‘लोकप्रिय धुना’ची सीडी काढून घेतली आणि शुबर्टचं सी मेजर पंचक हातात दिलं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि दोन चेलो. १८२८ मध्ये, मरायच्या दोन महिने आधी लिहिलेलं. १९५२ चं प्राद महोत्सवाचं रेकॉर्डिंग: स्टर्न, श्नायडर, काटिम्स आणि चेलोवर कसाल्स आणि तोर्तेलिए. दुसऱ्या भागात मधली तीन वाद्यं जवळपास हलतच नाहीत, लांब स्वर धरून बसतात. वर पहिलं व्हायोलिन दोन-दोन शब्द बोलतं आणि खाली दुसरा चेलो नुसती तार खेचून उत्तर देतो. बस. एवढंच आहे त्यात.

तेव्हापासून एकल वादनापेक्षा मला हाच चेलो जास्त भावतो, चारचौघांत बसलेला. बेथोव्हेनचे सोनाटेही तसेच, विशेषतः ए मेजर, ओपस ६९. सुरुवातीला चेलो एकटाच, पियानो गप्प. रोस्त्रोपोविच आणि रिख्टर दणदणीत वाजवतात, फुर्निए आणि गुल्डा गप्पा मारतात. मला गप्पा आवडतात.

मंद्रसप्तक

पंत, शुबर्टसाठी शंभर वेळा सहमत. ज्यांना जुन्या पट्टीची हौस असेल त्यांनी पीटर विस्पेलवेचं बाखचं तिसरं रेकॉर्डिंग ऐकावं, २०१२ चं. आजच्यापेक्षा जवळपास अख्खा एक स्वर खाली लावलाय. तारा सैल, आवाज काळोखा. वेगळ्याच लाकडाचा चेलो असल्यासारखा. रोज नाही ऐकवत, पण पावसाळ्यात लावा. आणि ज्यांना एकच संच विकत घ्यायचाय, वाद नकोत, त्यांनी जाँ-गियेन केरासचा २००७ चा घ्यावा. स्वच्छ आहे, नाचतोही. ठोकळालासुद्धा आवडेल.

ठोकळा

ऐकला. आवडला. कुणाला सांगू नका.

रेवा_ठाणे

मोठ्या मंडळींत मध्येच बोलते. माझी लेक अकरा वर्षांची आहे, शाळेनंतर चेलो शिकते. घरी सगळं गंभीरच वाजतं आणि ती कंटाळते. साराबांद लावली तर पळून जाईल. तिच्यासाठी काही आनंदी आहे का? आणि शक्यतो लहान.

टोरांटोकर

रेवाताई, हायडनचा सी मेजर कन्चेर्तो, त्यातला फक्त शेवटचा भाग. सहा-सात मिनिटं, पळापळी नुसती. तिला गोष्टही सांगा. ही रचना जवळजवळ दोनशे वर्षं हरवलेली होती. हायडननं स्वतःच्या रचनांच्या वहीत सुरुवातीची धून टिपून ठेवली होती म्हणून ती असल्याचं माहीत होतं, पण स्वरलिपी कुठेच नव्हती. १९६१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयात ती सापडली. आज चेलो शिकणारं प्रत्येक मूल कधी ना कधी ती वाजवतं. रोस्त्रोपोविच आणि अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्सचं ऐकवा. तो शेवटचा भाग इतका वेगात घेतो की मुलं हसायलाच लागतात.

मडगांवकार

आणि सेंट-सान्सचा ‘हंस’ नका लावू. सगळे तोच लावतात, बिचाऱ्या मुलांना वाटतं चेलो म्हणजे फक्त तळ्यात पोहणं. त्यापेक्षा व्हिला-लोबोसची आठ चेलोंची रचना लावा, ‘बाकियानास ब्राझिलेइरास’ क्रमांक एक. आठही चेलो, दुसरं वाद्य नाही. तिच्या क्लासमधल्या पोरांना एकत्र बसवून ऐकवली तर भांडणं लागतील, मी पहिला, मी पहिला.

रेवा_ठाणे

हायडन लावला. पहिल्यांदा ऐकून म्हणाली, ‘हे कुणी एवढं फास्ट वाजवतं का?’ मग परत लावायला सांगितला आणि स्वतःचा गज घेऊन हवेत वाजवत बसली. आठ चेलोवालं रविवारी. दु प्रेबद्दल पंतांनी लिहिलंय ते मीच ऐकणार आहे, ती झोपल्यावर. इयरफोनवरच.